शेलच्या पोटातल्या कमांड : प्रस्तावना

लिनक्सच्या टर्मिनलवर 'टाइप सॉर्ट' असं लिहून एंटर दाबलं, की शेल डिस्कवरच्या एका फाइलचा पत्ता देतो. 'टाइप सीडी' लिहिलं तर पत्ता येत नाही. सीडी ही शेलची बिल्ट-इन कमांड आहे, एवढंच तो सांगतो. सॉर्ट हा बाहेर स्वतंत्र ठेवलेला प्रोग्रॅम आहे, तर सीडी शेलच्याच पोटात आहे. युनिक्सच्या पेपरात हा फरक विचारतात. मुलं दोन रकाने आखतात, प्रत्येकात आठ-दहा नावं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि सेमिस्टर संपलं की विसरून जातात. त्या पाठांतरात वेळ घालवू नये असं मला मनापासून वाटतं. सीडी बाहेर का राहू शकत नाही हे एकदा नीट कळलं, की ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काम कसं वाटलं जातं ते दिसायला लागतं आणि रकाने आपोआप भरतात. ही पुस्तिका त्या 'का'साठी लिहिली आहे.

ती लिहिताना डोळ्यांसमोर होती ती कर्नाटकाच्या सीमेवरच्या बोरगाव, कारदगा, मांगूर, बेडकिहाळ या पट्ट्यातली मुलं-मुली. दहावीपर्यंत मराठी शाळा, सोबत कन्नड, पुढे पीयूसीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत. तिथून कुणी निपाणीच्या नाहीतर बेळगावच्या कॉलेजात जातं, कुणी हद्द ओलांडून इचलकरंजीला डीकेटीईमध्ये किंवा कोल्हापूरला. कुठेही गेलं तरी पहिल्या-दुसऱ्या वर्षात काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांशी गाठ पडते. तीन भाषा सांभाळत आलेल्या मुलाला चौथीची भीती नसते. त्याला अडवते ती घाई: आधी टाइप कर, समजेल नंतर. ते नंतर बहुतेकदा येतच नाही.

आपल्या भागाला या विषयाचं अप्रूप असायला एक कारण आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, म्हणजे व्हीटीयूचं, मुख्यालय बेळगावात आहे. कर्नाटकातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांचा अभ्यासक्रम तिथे ठरतो. 'युनिक्स अँड शेल प्रोग्रॅमिंग' हा विषय तिथे अनेक वर्षं होता आणि त्याच्या पहिल्याच भागात अंतर्गत व बाह्य कमांड म्हणजे काय आणि टाइप कमांडने त्या कशा ओळखायच्या, हे दोन मुद्दे स्वतंत्रपणे नेमलेले होते. सुमिताभ दास यांचं युनिक्सवरचं जाडजूड पुस्तक त्यासाठी वापरात होतं आणि आजही ते कपाटात ठेवण्यासारखं आहे. पुढे २०१८च्या अभ्यासक्रमात पायथन आलं. हे दोन विषय वर्गात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात. शेलमधली बिल्ट-इन कमांड आणि पायथनमधलं बिल्ट-इन फंक्शन यांना एकाच नजरेने पाहता येतं, हे त्यामुळे निसटतं. या पुस्तिकेत दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आहेत.

आता सीडीची हकीकत. ती मुळातून माहीत असावी, कारण ही चूक ज्यांच्या हातून झाली त्यांनीच युनिक्स घडवलं होतं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची बेल लॅब्समध्ये पीडीपी-७ या छोट्या मशिनवर युनिक्सची पहिली मांडणी करत होते. सुरुवातीला प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची. कमांड दिली की त्याच प्रोसेसमध्ये शेलच्या जागी तो प्रोग्रॅम यायचा आणि तो संपला की शेल पुन्हा आणला जायचा. चालू डिरेक्टरी बदलणारी सीएचडीआयआर तेव्हा इतर कमांडांसारखीच एक बाहेरची कमांड होती आणि बिनबोभाट चालत होती. मग फोर्क आला. शेलने स्वतःची एक प्रत काढायची, त्या प्रतीत कमांड चालवायची आणि ती संपेपर्यंत आपण थांबायचं. पीडीपी-७वर या फोर्कसाठी असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असं रिची यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. सगळं झकास चाललं, फक्त सीएचडीआयआर चालेना. कमांड द्यावी, तक्रार काही येऊ नये आणि आपण मात्र होतो त्याच डिरेक्टरीत. पुष्कळ वेळ कोड वाचून, डोकं खाजवून झाल्यावर उलगडा झाला. कमांड बरोबरच चालत होती. ती डिरेक्टरी बदलत होती, पण स्वतःची. काम झालं की ती प्रोसेस संपायची आणि तिच्यासोबत तो बदलही जायचा. शेजाऱ्याला निपाणीच्या गाडीत बसवून दिलं म्हणून आपण निपाणीला पोचत नाही. चालू डिरेक्टरी ही ज्या-त्या प्रोसेसची स्वतःची गोष्ट आहे आणि मुलाने आपली बदलली तरी आईची बदलत नाही. म्हणून ते काम शेलने स्वतः करावं, असं ठरलं. पुढे त्या कमांडचं नाव आखडून सीडी झालं.

या एका प्रसंगात अर्धा विषय येतो. ज्या कामाने शेलची स्वतःची अवस्था बदलायची आहे, ते काम शेलने दुसऱ्याला सांगून होत नाही. एक्झिट घ्या: शेलने स्वतः बाहेर पडायचं आहे, तिथे दुसऱ्या प्रोसेसला संपवून काय उपयोग? नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा यूमास्क, मर्यादा घालणारा यूलिमिट, शेलच्या चलांना पुढच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारा एक्सपोर्ट, सिग्नल आला तर काय करायचं ते सांगणारा ट्रॅप, सगळ्यांची गोष्ट तीच. पॉझिक्स या प्रमाणकात १५ खास बिल्ट-इन नेमून दिलेल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे नुसतं विसर्गासारखं चिन्ह, जे काहीच करत नाही आणि यशस्वी झाल्याचं कळवतं. विचित्र वाटेल, पण न संपणारं लूप लिहिताना त्याचा उपयोग पाहिला की पटतं.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास केला, त्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. डॉस शिकवताना इंटर्नल आणि एक्स्टर्नल कमांडांची यादी फळ्यावर असायची: डीआयआर, कॉपी, सीएलएस आत, फॉरमॅट, एक्सकॉपी बाहेर. यादीचा तोंडवळा तोच, पण कारण निराळं होतं. डॉसमध्ये चालू डिरेक्टरीचा हिशेब प्रोसेसनिहाय नव्हता, प्रत्येक ड्राइव्हसाठी पूर्ण सिस्टिमचा मिळून एकच होता. बाहेरच्या प्रोग्रॅमने डिरेक्टरी बदलली तर तो संपल्यावरही ती बदललेलीच राहायची. तिथे सीडी बाहेर ठेवली असती तरी चाललं असतं. कमांड आत ठेवल्या त्या फ्लॉपीच्या अडचणीमुळे. रोजच्या वापराच्या गोष्टी कमांड डॉट कॉम या एका फाइलसोबत मेमरीत असल्या की पुन्हा-पुन्हा डिस्क चाळावी लागत नसे. मोठ्या प्रोग्रॅमने मेमरी व्यापून त्याचा काही भाग पुसला, की ती फाइल असलेली डिस्क घाला असा निरोप पडद्यावर येई. डॉसच्या यादीतलं कारण युनिक्सच्या यादीला चिकटवून शिकवलं जातं तेव्हा मुलांचा गोंधळ होतो. वेगासाठी आत ठेवलेली कमांड आणि बाहेर जाणं शक्यच नाही म्हणून आत असलेली कमांड हे दोन प्रकार वेगळे मोजायला हवेत.

युनिक्समध्येही पहिला प्रकार आहेच. इको आणि टेस्ट ही कामं बाहेरचा प्रोग्रॅमही करू शकतो आणि एके काळी करत होताच. पण हजार फेऱ्यांच्या लूपमध्ये दर फेरीला एवढ्याशा कामासाठी नवी प्रोसेस उभी करायची, म्हणजे कामापेक्षा तयारीच जास्त. म्हणून या कमांड शेलमध्ये आल्या, पण बाहेरच्या प्रती तशाच राहिल्या. 'टाइप -ए इको' लिहून पाहा, दोन्ही दिसतील. चौकोनी कंसाची सुरुवातीची खूण हीसुद्धा एक कमांड आहे आणि त्या नावाची फाइलसुद्धा डिस्कवर असते. इफच्या पुढे कंसानंतर जागा सोडली नाही तर एरर का येते, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर इथे आहे: ते कमांडचं नाव आहे, आणि नाव व त्यापुढचा शब्द यांत अंतर हवंच.

किल ही मला यातली सगळ्यात शिकवणारी कमांड वाटते. ती बाहेरही आहे, आतही. आत असण्याचं एक कारण असं की शेल आपल्या कामांना एक, दोन असे क्रमांक देतो आणि ते बाहेरच्या प्रोग्रॅमला ठाऊक नसतात. दुसरं कारण लॅबमध्ये कळतं. समजा एखादी शेल स्क्रिप्ट स्वतःलाच बोलावते आणि थांबायची अट नाही. बघता-बघता त्या खात्याला मिळणाऱ्या प्रोसेसची मर्यादा संपते. एलएस लिहिलं तरी फोर्क होत नाही म्हणून एरर. पीएस लिहिलं तरी तेच. मशिन बंद करण्याकडे हात जातो, पण थांबा. नवी प्रोसेस निघत नसली तरी शेल स्वतः जिवंत आहे आणि त्याच्या पोटात जे आहे ते सगळं चालतं. लिनक्समध्ये प्रॉक डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचा एक फोल्डर असतो आणि त्यात कॉम नावाच्या फाइलीत प्रोग्रॅमचं नाव. फॉर लूप लावायचं, रीडने ते नाव वाचायचं, इकोने नंबरासह छापायचं. फॉर, रीड, इको, एकालाही फोर्क लागत नाही. दोषी प्रोसेस सापडल्या की बिल्ट-इन किल. फोर्क म्हणजे काय याची व्याख्या दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते ही एक कसरत करून कळतं. म्हणून पुस्तिकेतलं तिसरं प्रकरण पूर्ण याच कसरतीवर आहे. ती वेगळ्या खात्यावर आणि मर्यादा आधी घालून करावी. कशी, ते तिथे दिलं आहे.

याच समजुतीने नेहमीचे दोन अडथळेही सुटतात. पहिला: परवानगी नसलेल्या डिरेक्टरीत जाण्यासाठी 'सूडू सीडी' लिहिणं. सूडू बाहेरचा प्रोग्रॅम चालवतो, सीडी बाहेर नाही, तेव्हा कमांड सापडली नाही असं उत्तर येतं. फेडोरासारख्या काही सिस्टिमवर मात्र पॉझिक्सच्या नियमाला धरून सीडी नावाची एक इवलीशी फाइल ठेवलेली असते. तिथे एररही येत नाही आणि काही घडतही नाही: पीडीपी-७वरचा जुना प्रसंग जसाच्या तसा. दुसरा अडथळा: इकोचं उत्तर पाइपमधून रीडला द्यायचं आणि पुढच्या ओळीत त्या चलाची किंमत पाहायची. बॅश या शेलमध्ये ते चल रिकामं सापडतं, कारण एरवी पाइपचा प्रत्येक तुकडा वेगळ्या उपशेलमध्ये चालतो. रीड बिल्ट-इन आहे खरी, पण कुठल्या शेलच्या पोटात हेही बघावं लागतं. कॉर्न शेल आणि झेडशेल पाइपचा शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतात, तिथे किंमत मिळते.

पायथनकडे वळल्यावर प्रश्न थोडा बदलतो. इथे प्रोसेसची भानगड नाही, नाव कुठे सापडतं याची आहे. प्रिंट, लेन, सॉर्टेड, लिस्ट ही नावं आपण कुठूनही आणलेली नसतात, तरी चालतात. पायथन एखादं नाव आधी फंक्शनच्या आत शोधतो, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनांत, मग फाइलच्या पातळीवर आणि सगळ्यात शेवटी बिल्टिन्स नावाच्या मोड्यूलमध्ये. शेवटी शोधतो, म्हणून ती नावं झाकता येतात. विद्यार्थ्यांची नावं साठवायला कुणी सहज लिस्ट याच नावाचं चल करतं. दहा ओळींनंतर लिस्ट हे फंक्शन म्हणून वापरायला जातं आणि लिस्ट ही बोलावण्याजोगी वस्तू नाही अशी एरर येते. मूळ लिस्ट कुठेही गेलेली नसते. 'डेल लिस्ट' म्हटलं की वरचं झाकण निघतं आणि खालची पुन्हा दिसते. शेलमध्येही सीडी नावाचं फंक्शन लिहिलं तर ते बिल्ट-इनच्या आधी सापडतं आणि मूळ सीडी हवी असेल तर तिच्या आधी 'बिल्टिन' हा शब्द लावावा लागतो. दोन वेगळ्या घराण्यांतली ही युक्ती इतकी सारखी आहे, की एक कळली की दुसरी शिकवावी लागत नाही. पायथन २मध्ये तर ट्रू हेही साधं नाव होतं, त्याला फॉल्स ही किंमत देता यायची. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथन ३ने ते नाव भाषेच्या नियमांतच बांधून टाकलं. प्रिंटचा प्रवास याच्या उलट झाला. ते आधी भाषेचा नियम होतं, त्याचं साधं बिल्ट-इन फंक्शन झालं.

जावास्क्रिप्टवर एकच छोटं प्रकरण आहे. तिथे बिल्ट-इन वस्तूंनाच नवी कामं जोडता येतात आणि ते किती महाग पडतं याचं उदाहरण २०१८मध्ये घडलं. ॲरेला फ्लॅटन नावाची नवी पद्धत द्यायची होती, पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाने आपली पद्धत आधीच जोडून ठेवली होती आणि जुनी संकेतस्थळं मोडू लागली. शेवटी भाषेनेच माघार घेऊन नाव फ्लॅट केलं.

मराठी वाचकासाठी पायथनमध्ये एक वेगळी मौज आहे आणि एक खरी अडचण. पायथन ३मध्ये देवनागरी नावं चालतात. 'मोजणी = लेन' असं लिहिलं की मोजणी हे त्याच बिल्ट-इन वस्तूचं दुसरं नाव होतं. वस्तू एक, नावं दोन, ही गोष्ट मुलांना इथे चटकन पटते. इंट या बिल्ट-इनला अवतरणात '१२३' असे आपले अंक दिले तर तो ते बिनतक्रार आकड्यात बदलतो, कन्नड अंक दिले तरीही. कोडमध्ये मात्र अवतरणाबाहेर देवनागरी अंक चालत नाहीत. आता लेनला 'बोरगाव' हा शब्द द्या. चार अक्षरं मोजणाऱ्या आपल्याला उत्तर सहा मिळतं, कारण ओकार आणि आकार त्याच्या हिशेबी वेगळे आहेत. यूटीएफ-८मध्ये त्याच शब्दाचे बाइट अठरा होतात. इथे चुकीचं काही नाही, लेन काय मोजतो हे माहीत हवं इतकंच.

सॉर्टेडचं तसं नाही. समजा एखाद्या सोसायटीच्या सभासदांची यादी लावायची आहे आणि त्यात कासार आणि काळे आहेत. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कासार आधी, काळे नंतर. सॉर्टेड काळे आधी लावतो. तो युनिकोडमधला क्रमांक बघतो आणि तिथे ळची जागा लच्या लगेच पुढे आहे. युनिकोडमधली भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या आधीच्या भारतीय संकेतप्रणालीवरून आली. सर्व लिप्यांतली सारखी अक्षरं सारख्या ठिकाणी यावीत, असा तिचा आराखडा होता. कन्नड वर्णमालेतही ळ शेवटी ह नंतर आहे आणि युनिकोडमध्ये कन्नड ळ अगदी तसाच ल अक्षराशेजारी बसवला आहे. म्हणजे आपल्या गावातल्या दोन्ही भाषांच्या याद्या एकाच ठिकाणी, एकाच कारणाने चुकतात. बिल्ट-इन म्हणून मिळालं ते आपल्यासाठी बरोबरच असेल, हा भरवसा इथे सोडावा लागतो. सॉर्टेडला 'की' म्हणून आपलं फंक्शन देता येतं. ळला ह नंतर बसवणारं असं फंक्शन सातव्या प्रकरणात टप्प्याटप्प्याने बांधलं आहे, मराठीसाठी आणि कन्नडसाठीही. पतसंस्था, दूध संस्था, शाळा, वाचनालयं, या सगळ्यांच्या याद्या आज कॉम्प्युटरवर लागतात. त्या आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लागाव्यात, हे काम बाहेरून कुणी येऊन करणार नाही. आपल्याच मुलांनी ते करावं, अशी माझी मोठी इच्छा आहे.

वाचताना मशिन समोर असावं. लॅबमध्ये लिनक्स असेल तर उत्तम. घरी कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे मोफत ॲप घ्या, त्यात बॅश आणि पायथन दोन्ही चालतात. मात्र फोनवर सगळ्या फाइलींचे पत्ते वेगळे दिसतील. ज्यांना लिनक्सची तोंडओळखच नाही, त्यांनी आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले मराठी निवेदनाचे लिनक्सचे पाठ ऐकावेत. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प खेड्यातल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे. विंडोजच्या पॉवरशेलवर या पुस्तिकेतली उदाहरणं करू नयेत. तिथे सीडी हे सेट-लोकेशन या वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे आणि बाकीचे नियमही निराळे आहेत.

प्रत्येक प्रयोगाच्या वहीत वर शेलचं नाव लिहा. उबंटूत टर्मिनलवर बॅश असतो, पण एसएच नावाने चालणाऱ्या स्क्रिप्टमागे २००६पासून डॅश आहे. मॅकवर २०१९पासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतो. तुमचं उत्तर पुस्तिकेतल्या उत्तराशी जुळलं नाही, तर आधी ते नाव बघा आणि मग 'टाइप' लावून ती कमांड तुमच्या शेलमध्ये कुठे सापडते ते तपासा. चौथ्या प्रकरणातली रीडची उदाहरणं या तिन्ही शेलमध्ये सारखी येणार नाहीत. तिथे तिन्ही उत्तरं छापली आहेत आणि ती वेगळी का, ते सोडवायला तुमच्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे.